खारीकचा फुत्कार

शनिवार, रात्री

पेटीची काच सरकवली की खारीक, माझ्याकडची सापीण, मानेला बाक देऊन डोकं मागे खेचते आणि लांब, जड श्वास सोडते. आज पाण्याचं भांडं उचलायला हात पुढे केला तर तिनं थेट काचेवर झेप घेतली. तोंड काचेवर आपटलं तसा माझा जीव गलबलला. तिला लागलं असेल का, याच विचारात बराच वेळ बाहेर बसून राहिले.

दादा जर्मनीला जाताना तिला माझ्या स्वाधीन करून गेला. ठाण्याला त्याच्याकडे ती कधी कोणाला चावली नाही. दादाचा भाचा तिला मांडीवर घेऊन बसायचा. दिवाळीनंतर नाशिकला आली आणि हे सुरू झालं. आई म्हणते, "तिनं डूख धरलाय गं. घर सोडवलंत ना तिचं." आईच्या बोलण्यात थट्टा नसते, काळजी असते. पण सापाच्या मेंदूत माणूस लक्षात ठेवून सूड उगवण्याची सोयच नाही. डूख धरत नसेल तर मग हे काय आहे, हे मला शोधायचं आहे.

ही कुठली जात, घरात पाळता येते का, ते इथे लिहून ठेवते, कारण येणारा प्रत्येक जण हेच विचारतो. खारीक बॉल पायथन आहे, म्हणजे अजगराचीच एक जात. मूळची पश्चिम आणि मध्य आफ्रिकेची, बिनविषारी. आपल्याकडचा कुठलाही साप, अगदी धामण किंवा मांडूळसुद्धा, घरात पाळता येत नाही. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. परदेशी प्रजातींसाठी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम आले. त्यानुसार दादानं केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर तिची नोंद केली होती आणि जाण्याआधी हस्तांतरणाचे कागदही पूर्ण केले. ते झाल्याशिवाय मी तिला आणलंच नसतं.

रविवार

पहाटे उठून पेटीतलं तापमान पाहिलं. गरम बाजूला सत्तावीस, थंड बाजूला एकोणीस. आर्द्रता पस्तीस टक्के. तिला गरम बाजूला एकतीस ते तेहतीस लागतं, थंड बाजूलाही पंचवीसच्या खाली जायला नको, आणि हवेत साठ टक्क्यांच्या आसपास ओल हवी.

ठाण्याच्या दमट हवेत दादाची एक साधी हीट मॅट पुरत होती. नाशिकच्या डिसेंबरला ती काय पुरणार? इथे रात्री पारा दहाच्या खाली उतरतो, निफाडला तर त्याहून खाली. मामा रात्री-रात्री द्राक्षबागेत शेकोट्या पेटवून बसतात, मणी तडकू नयेत म्हणून. सापाला अंगची ऊब नसते, बाहेर मिळेल तेवढीच. गारठलेल्या सापाचं अन्न नीट पचत नाही, स्नायू जड होतात, चटकन पळता येत नाही. पळता न येणाऱ्या जिवाकडे समोरच्याला भिववण्याखेरीज फारसं काही उरत नाही.

सिरॅमिक हीटर आणि थर्मोस्टॅट मागवले. हा हीटर उजेड न पाडता ऊब देतो, म्हणजे तिची रात्र रात्रच राहते. बाहेरून जाळी लावणार, ती अंगानं त्याला चिकटायला नको. आणि थर्मोस्टॅटशिवाय कुठलंच हीटर लावायचं नाही. हीट मॅटनं भाजलेल्या सापांचे फोटो पाहिलेत मी, पोटाची कातडी सोललेली. त्यांना खालून चटका बसतोय हे वेळेवर उमगत नाही.

बुधवार

पेटीची जागा बदलली. आधी ती मागच्या खोलीत घरघंटीच्या शेजारी होती. खोलीत दुसरं सपाट टेबलच नव्हतं. आई दळायला बसली की टेबल, पेटी, पाणी, सगळं थरथरायचं. सापाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून आतल्या कानापर्यंत पोचते. तिचं डोकं बहुतेक वेळ खालीच टेकलेलं असतं. म्हणजे ज्वारी दळायला घेतली की अख्खं जग तिच्या जबड्यात हादरत असणार. आता पेटी माझ्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाच्या आडोशाला आहे. तिथे ये-जा कमी.

तीन बाजूंना बाहेरून पुठ्ठा लावला. लपायला आधी एकच घर होतं, तेही ऐसपैस, दोन साप मावतील असं. ही जात रानात उंदरांच्या बिळात आणि वाळवीच्या वारुळात राहते, जिथे चहूबाजूंनी अंग टेकतं. पाठीला, कुशीला भिंत लागली की तिला सुरक्षित वाटतं. मखमलाबाद रोडच्या कुंभाराकडून दोन बसकी मडकी आणली, तोंडाजवळ फोडून कड घासून घेतली. एक गरम बाजूला, एक थंड बाजूला. दोन्हीकडे हवीतच. नाहीतर ऊब हवी तर उघड्यावर बसा आणि लपायचं तर गारठून बसा, अशी निवड तिला रोज करावी लागते.

रात्री पाहिलं तर ती थंड बाजूच्या मडक्यात गच्च वेटोळं करून बसली होती. डोकं वेटोळ्याच्या मधोमध.

शुक्रवार

चावली.

नवीन भुसा पसरताना मडकं जरा सरकलं आणि तिनं मनगटावर झेप घेतली. टाचण्यांचं वर्तुळ टोचावं तसं वाटलं. कळायच्या आत सोडलंही. बारीक रक्ताचे ठिपके, अर्धगोलात. साबणानं धुतलं, जंतुनाशक लावलं. आई पांढरीफटक पडली, तिला जवळ बसवून जखम दाखवली.

त्या चाव्यातून मला बरंच कळलं. भुकेनं मारलेली झेप निराळी असते. तेव्हा साप धरतो, सोडत नाही, वर विळखाही घालतो. दात मागे वळलेले असल्यानं तेव्हा हात ओढायचा नसतो. ओढला तर आपली कातडी फाटते आणि तिचे दात मोडतात. हळूच पाण्याच्या धारेखाली धरलं की सोडतो. खारीकनं मारलं आणि लगेच मागे सरकली. ही भीतीची झेप होती. दूर जा, एवढंच म्हणणं होतं तिचं.

कुणी सांगतं नाकावर टिचकी मारा, म्हणजे शहाणी होईल. या सल्ल्याची मला चीड येते. तिच्या लेखी त्या टिचकीचा अर्थ एकच, वरून येणारा हात खरंच मारतो. आणि 'रोज जबरदस्तीनं हाताळा, आपोआप सवय होईल' हेही मला पटत नाही. दमून निपचित पडलेला साप शांत झालेला असतो असं नाही. त्याचा प्रतिकार संपलेला असतो.

मंगळवार

पशुवैद्यांकडे नेऊन आणलं. कापडी पिशवीत, वर गरम पाण्याच्या बाटलीला टॉवेल गुंडाळून. दुखतखुपत असलं तरी साप चिडतो, तेव्हा वागणं सुधारण्याआधी शरीर तपासणं भाग होतं. तोंडात फेस नाही, श्वासात घरघर नाही, खवल्यांखाली गोचिड्या नाहीत. वजन चौदाशे ग्रॅम, दादाच्या वहीतल्या आकड्याच्या अगदी जवळ. ती दिवाळीपासून जेवलेली नाही याचं मला फार ओझं वाटत होतं. डॉक्टर म्हणाले, थंडीत ही जात आठवडेच्या आठवडे उपाशी राहते. वजन घसरत नाही तोवर मागे लागू नका.

एक गोष्ट त्यांनी दाखवली, ती मी आठवडाभर पाहत होते पण जोडली नव्हती. तिचे डोळे दुधाळ निळसर झालेत, रंग मळकट पडलाय. कात टाकायला आलीय. डोळ्यावरच्या खवल्याखाली द्रव साठला की तिला धूसर दिसतं, आणि धूसर दिसणाऱ्या जिवाला प्रत्येक सावली शत्रूची वाटते. आता कात पडेपर्यंत पाणी बदलण्यापलीकडे हात लावायचा नाही. गरम मडक्यात ओलं शेवाळ ठेवलंय.

रविवार, दुपारी

कात एका अखंड तुकड्यात पडली, डोळ्यांच्या चकत्यांसकट. ओल पुरेशी होती याची ही पावतीच. आईनं कात हातात घेऊन उजेडात धरली आणि म्हणाली, किती नाजूक आहे गं. मग मी तिला बेनिनमधल्या विदा गावाबद्दल सांगितलं. तिथे याच जातीच्या अजगरांचं देऊळ आहे, लोक त्यांना देव मानतात आणि ते घरात शिरले तर मारत नाहीत. आई नागपंचमीला पाटावर गंधानं नाग काढते. तिला हे ऐकून इतका आनंद झाला की तिनं लगेच मावशीला फोन लावला.

गुरुवार, उशिरा

उंदीर घेतला! फ्रीझरमधला, रात्रभर वितळवून मग गरम पाण्यात पिशवीसकट ठेवलेला. तिच्या ओठांवरच्या खाचांना ऊब कळते, त्यामुळे गार उंदराकडे ती पाहतही नाही. लांब चिमट्यानं पुढे केला, तिनं क्षणात धरून वेटोळं घातलं. दोन दिवस आता तिला हात नाही, नाहीतर खाल्लेलं उलटून टाकेल.

यापुढे एक नियम पाळणार आहे. खायला देताना सोडून इतर वेळी काच उघडली की आधी कागदाच्या मऊ सुरळीनं तिच्या पाठीला हलका स्पर्श करायचा. सुरळी लागली म्हणजे आज जेवण नाही. काच उघडणं म्हणजे दरवेळी उंदीर, अशी सांगड तिच्या डोक्यात बसली तर माझा ऊबदार हातही तिला उंदीरच वाटणार. आणि हात वरून न्यायचा नाही. वरून येतात ते घार आणि घुबड. बाजूनं, अंगाच्या मधल्या भागाखाली, न थांबता, न दचकता.

सोमवार

सुरळी लावली. फुत्कार नाही. जीभ आत-बाहेर, सावकाश. हात खालून सरकवला आणि उचललं. पहिल्यांदा ताठ होती, मग मनगटाभोवती एक वळसा घेतला आणि डोकं माझ्या बाहीत खुपसलं. थोड्या वेळानं मीच ठेवली, तिनं अस्वस्थ व्हायची वाट न पाहता. माझे डोळे भरून आले होते.

रात्री वीज गेली तेव्हा पेटीवर ब्लँकेट टाकून गरम पाण्याची बाटली आत सरकवली. तिनं डोकं बाहेर काढून बाटली हुंगली, परत आत गेली.

शनिवार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आईच्या मैत्रिणी येणार. सगळ्यांना 'तो अजगर' बघायचाय, एकीला गळ्यात घेऊन फोटो हवाय. फोटो होणार नाही, हे मी आईला स्वच्छ सांगितलं. खोलीचा दिवा मंद ठेवीन, एकेकीनं दारातून बघायचं, काचेवर कुणी बोट वाजवायचं नाही. मला वाटलं आईला अवघड वाटेल. ती तिळाचे लाडू वळता वळता म्हणाली, "मीच सांगेन त्यांना. आणि दळण आदल्या दिवशीच उरकून ठेवते."

दादाला रात्री फोन केला. पुण्यातल्या त्याच्या मित्राकडे तिला पाठवायचं का, असं तो मागच्या आठवड्यात विचारत होता. नको म्हणून सांगितलं, आणि त्याच्या जुन्या वहीतल्या वजनांचे फोटो मागवून घेतले.