आमची वाटचाल : सांगलीतलं जुन्या काचेचं दुकान

दुकान मूळचं वडिलांचं, स्टील-पितळेच्या भांड्यांचं. काच आली ती गिऱ्हाइकांमुळं. जुन्या घरातली माणसं यायची, सहाच्या सेटमधला एक ग्लास फुटलाय, तस्साच मिळेल का म्हणून, आणि नव्या मालात तसला कुठनं मिळणार. मग आम्हीच जुना माल घ्यायला लागलो. २०१९ च्या महापुरानंतर तर गावभागातल्या कितीतरी घरांची कपाटं रिकामी झाली, लाकूड फुगून गेलं पण काच चिखलातनं काढून धुतली की जशीच्या तशी.

तेव्हापासून आमचं खरं काम पॅटर्न ओळखायचं. जुनी काच म्हटली की जो तो 'बेल्जियमची' म्हणतो. आम्ही ते नाव बाजूला ठेवतो आणि भांडं पालथं घालतो. तळावर पातळ कागद धरून पेन्सिल फिरवायची, तळावर कापलेली चांदणीची नक्षी कागदावर उमटते, मग टोकं मोजायची. लांबनं जुळे वाटणारे दोन ग्लास, एकाला १६ टोकं निघतात, दुसऱ्याला २०, म्हणजे सेट वेगळा, विषय संपला. नंतर बोट फिरवायचं. हातानं कापलेल्या नक्षीची धार बोटाला लागते, साच्यात दाबलेली गुळगुळीत असते आणि बहुतेक वेळा साच्याच्या सांध्याची रेघ सापडते.

नुसत्या शिक्क्यावर जाऊ नका हे मी सगळ्यांना सांगतो. अमेरिकेतल्या फेडरल ग्लास कंपनीचा 'माद्रिद' पॅटर्न १९३२ ते ३९ मधला, १९७६ ला तो परत काढला तेव्हा साच्यात ७६ आकडा होता, पुढं साचे इंडियाना ग्लासकडं गेले आणि आकडाच काढून टाकला! इंग्लंडच्या मालावर 'आरडी' नंबर, म्हणजे डिझाइनच्या सरकारी नोंदणीचा नंबर, असला तर तो १८८४ नंतरचा, पण ते साल डिझाइन नोंदवल्याचं, ग्लास बनवल्याचं नव्हे. यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या टॉर्चखाली हिरवं चमकलं तर काचेत बहुधा युरेनियम आहे एवढंच कळतं, तसली काच आजही बनते.

आपल्याकडचा माल मला जास्त आवडतो. फिरोजाबादच्या जैन ग्लास वर्क्सचे ग्लास, पाण्यावर रॉकेल सांडल्यासारखे रंग, काहींच्या तळाला इंग्रजीत 'जैन' उठवलेलं, परदेशातले संग्राहक हे शोधत असतात आणि इथं लोक त्यात टूथब्रश ठेवतात. कराडजवळच्या ओगलेवाडीचे प्रभाकर कंदील पण येतात, मात्र कंदील मूळचा असला तरी काच बदललेली असू शकते, म्हणून ती वेगळी तपासतो.

टवका उडालेली किनार आम्ही घासून देत नाही, उंची कमी होते आणि ग्लास सेटमध्ये बसत नाही. फोटो पाठवताना तळाचा पाठवा, मागं काळं कापड धरून, उजेडात, आणि उंची मोजपट्टीनं मोजून लिहा.