प्लेअरवरचा आवाज उणे आकड्यात

मे महिन्यात नागपुरात कूलरसमोर बसून ज्या पातळीवर गाणे ऐकावे लागते, तीच पातळी पहाटे कूलर बंद केल्यावर कानावर आदळते. म्हणून प्लेअरवर आवाज कसा दाखवावा, हा प्रश्न मला रोजच पडतो. माझ्या जुन्या आयपॉडवर मी रॉकबॉक्स हे मुक्त सॉफ्टवेअर टाकले आहे आणि त्यात ही पातळी पट्टीने किंवा आकड्याने दाखवता येते. पट्टी दिसायला छान असते, पण कालची पातळी आज नेमकी लावायची झाली की ती उपयोगी पडत नाही. मी आकडा निवडला.

आकडा म्हटला की बहुतेकांना शून्य ते शंभर आठवते, परंतु ते शंभर कशाचे, हे सहसा कोणी सांगत नाही. ते हेडफोनला मिळणाऱ्या व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात असतील, तर १०० वरून ५० वर येताना आवाज सुमारे ६ डेसिबलने (डेसिबल हे आवाजाची पातळी मोजायचे एकक) उतरतो आणि २ वरून १ वर येतानाही तेवढाच उतरतो. वर जो फरक पन्नास पायऱ्यांत पडतो, तो खाली एकाच पायरीत पडतो, आणि घरचे झोपल्यावर हळू आवाजात ऐकणाऱ्याची तिथेच पंचाईत होते. शिवाय आवाज निम्मा वाटायला साधारण १० डेसिबलची घट लागते, त्यामुळे ५० म्हणजे निम्मा आवाज, हेही खरे नाही. काही प्लेअरमध्ये पायऱ्या कानाच्या हिशोबाने बसवलेल्या असतात, पण प्रत्येकाचा हिशोब वेगळा असतो.

डेसिबलमध्ये एकेक पायरी कानाला जवळपास सारखीच जाणवते. आवाज न फाटता जी सर्वांत मोठी पातळी मिळते, तिला रॉकबॉक्स शून्य मानते आणि त्याखालचे आकडे उणे दाखवते. माझी कूलरपुढची पातळी उणे १८ आहे, पहाटेची उणे ३४.

एकदा बाबांनी प्लेअर हातात घेऊन विचारले, “हे उणे चौतीस काय दाखवून राहिलं रे? बिघडलं का?” त्यांची शंका रास्त होती. मी त्यांना अंबाझरी तलावाचे उदाहरण दिले: पाणी सांडव्याला टेकले की शून्य, आणि ते जितके खाली तितका उणे आकडा. काही प्लेअरवर शून्याच्याही वर जाता येते, पण तिथे मोठ्या आवाजातल्या गाण्याच्या लहरींचे शेंडे कापले जाऊन आवाज फाटू शकतो. सांडव्यावरून पाणी जाते म्हटल्यावर बाबांना ते लगेच पटले.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी लागते. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ४० तासांसाठी ८० डेसिबलची मर्यादा सांगते, ते डेसिबल कानापर्यंत पोहोचणाऱ्या आवाजाचे आहेत, प्लेअरवरचे नव्हेत. त्याच उणे १८ वर माझे छोटे इअरफोन मोठ्या हेडफोनपेक्षा बरेच जोरात वाजतात. म्हणून हेडफोनच्या डब्यात मी दोन्हींचे आकडे वेगवेगळे लिहून ठेवले आहेत, आणि खाली बाबांचा: उणे २६.