घासलेली जागा

"पुसू नका, तो डाग नाही," असे म्हणत गंगापूर रोडवरच्या काकांनी आज त्यांची १९६४ची फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार माझ्या मांडीवर ठेवली आणि माझा रुमाल हवेतच थांबला.

उजवा हात टेकतो तिथले नायट्रोसेल्युलोज लॅकर (लाकडावरचा चकचकीत थर) झिजून लाकूड उघडे पडले होते, आणि कुणा अनोळखी वादकाने ती जागा इतकी गुळगुळीत करून ठेवली होती, की माझा हात आपोआप तिथेच स्थिरावला.

१९६५च्या जानेवारीत फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली, म्हणून त्याआधीच्या गिटारींना संग्राहक जास्त मोल देतात. काका मात्र किमतीबद्दल अवाक्षरही बोलले नाहीत. "रोज वाजवतो," एवढेच म्हणाले.

माझ्या नव्या गिटारीवर (हप्ते अजून फिटायचे आहेत) परवा ओरखडा पडला, तेव्हा मी एवढा का हळहळलो असेन?