गुरुजींच्या गाडीचे दिवे

गुरुजी आले ते दोन्ही हेडलाइट नवे टाकायचे असं ठरवूनच. आदल्या रात्री रेणापूरकडून लातूरला येताना उसाची ट्रॉली त्यांना अगदी जवळ गेल्यावर दिसली होती. ट्रॉलीला मागं ना लाल दिवा, ना रिफ्लेक्टर. हंगामात आमच्याकडं हे रोजचंच. "अपर मारला, लांबचा उजेड लावला, तरी उजेड पडंनाच गेलाय बघ," म्हणाले. पोरगा पुण्याहून फोनवर सांगायला, जोडीच बदला. जोडीचा भाव ऐकला आणि गुरुजी माझ्याकडं आले. मी डेंटिंग-पेंटिंगवाला. त्यांच्या हाताखाली शाळा शिकलोय, त्यामुळं आडवंतिडवं सांगायची सोय नाही.

उजवा दिवा पार हळदीसारखा झालेला, बोट फिरवलं तर खरखर लागत होता. डावा बाहेरून बरा, पण आतून धुरकट. मी विचारलं, "गुरुजी, घरी गाडीचं तोंड दक्षिणेला असतं का?"

"असतं की. तुला कुणी सांगितलं?"

कुणी सांगायची गरज नव्हती. तोंड दक्षिणेला म्हणजे उजवी बाजू पश्चिमेला. दुपारी बारापासून मावळेपर्यंतचं ऊन त्या एकाच दिव्यावर. डाव्या बाजूला लिंबाचं झाड आहे, हे त्यांनी मागाहून सांगितलं.

जुन्या गाड्यांना खरीखुरी काच असायची, ती फुटायची पण पिवळी पडायची नाही. आताची असते पॉलिकार्बोनेटची. वजनाला हलकी, खडा लागला तरी सहसा तडकत नाही. पण हे प्लास्टिक उन्हातले अतिनील किरण सोसत नाही, म्हणून कंपनीतूनच त्यावर कडक कोटिंगचा पातळ थर येतो, मायक्रॉनमध्ये मोजावा इतका. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर. वर्षानुवर्षं तो थर उन्हानं खाल्ला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं आणि पिवळं व्हायला लागतं.

घासायचं की नाही हे ठरवायला मी आधी पाणी मारतो. बाटलीनं फवारलं की खरखरीत पृष्ठभागावरच्या बारीक खाचा पाण्यानं भरतात. ओलेपणी काच स्वच्छ दिसली तर खराबी बाहेरची, घासून निघणार. ओली करूनही धुरकट राहिली तर ती आतली, नाहीतर प्लास्टिकलाच खोल चिरा गेलेल्या. उजव्या दिव्यावर पाणी पडलं आणि आतला बल्ब लख्ख दिसला. डाव्यावर मारलं, काही फरक नाही.

डाव्याचं मागचं रबर काढून बल्ब बाहेर घेतला. कंपनीचा बल्ब ६०/५५ वॅटचा, म्हणजे अपरला ६०, डिपरला ५५; यात बसवलेला १००/९०. कधीतरी रात्री रस्त्यात बल्ब गेला होता, मिळाला तो बसवला, असं गुरुजींना आठवलं. दुप्पट नसली तरी दीडपटीहून जास्त वॅट त्या प्लास्टिकच्या डब्यात कोंडलेली. बल्बच्या वरच्या अंगाला काच आतून तपकिरी झालेली, बल्बमागच्या आरशासारख्या रिफ्लेक्टरची चकाकी उडालेली. हे बाहेरून कितीही घासा, निघत नाही. त्या दिव्याला मी हातच लावला नाही.

उजव्याचं काम सुट्टीच्या दिवशी त्यांच्या दारातच काढलं, सकाळी लवकर. ऊन चढलं की काच तापते आणि वारं सुटलं की धूळ. आजूबाजूच्या पत्र्यावर मास्किंग टेप दुहेरी लावली, बोनेटचा रंग घासला गेला तर ते निराळंच काम वाढतं. ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून आडवा चालवायला सुरुवात केली. पहिल्यांदा जे पाणी ओघळतं ते पिवळसर असतं, तो जुन्या कोटिंगचा आणि कुजलेल्या प्लास्टिकचा गाळ. ते पांढरं यायला लागेपर्यंत थांबायचं नाही. कडेला पिवळं राहिलं तर पुढचा कोटही तिथंच दगा देतो. मग त्याहून बारीक ८०० उभा, आणखी बारीक १००० पुन्हा आडवा. दिशा बदलली की आधीचे ओरखडे राहिलेत का ते लगेच दिसतं. पाणी बाटलीनंच मारतो, पाइप लावत नाही. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या लातूरचा माणूस मी, नळी उघडी सोडायला हात धजत नाही.

एवढं झालं तेव्हा काच आधीपेक्षा वाईट दिसत होती, पांढरीफटक. काकू चहा घेऊन आल्या आणि बघतच राहिल्या. "अहो, ह्यानं तर पार वाटोळं केलं की." गुरुजी काही बोलले नाहीत, पण चहा अर्धा ठेवला.

शेजारचा एक पोरगा म्हणाला, टूथपेस्टनं होतंय की हे. होतं. टूथपेस्टमध्येही घासणारी बारीक पूड असते, आठ-पंधरा दिवस चमक राहते. पेट्रोल किंवा थिनरनं पुसणारे तर त्याहून वाईट, क्षणभर चकाकतं आणि नंतर प्लास्टिकला आतून कोळ्याच्या जाळ्यागत चिरा जातात. खरं काम घासण्यात नाही. घासणं म्हणजे राहिलंसाहिलं संरक्षणही काढून टाकणं. त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर, म्हणजे पारदर्शक कोट, चढवला नाही, तर उजेड चार-सहा महिन्यांपुरता विकत घेतला म्हणायचा.

कोट चढवायचा असेल तर आधी रबिंग कंपाउंड मारायचं नाही, त्यातल्या तेल-मेणावर क्लिअर धरत नाही, डोळे म्हणजे बारीक गोल खड्डे पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसलं, वाळू दिलं. हार्डनरवाल्या, म्हणजे कोट कडक करणारं रसायन मिसळलेल्या क्लिअरचा स्प्रे कॅन, तोंडाला वाफ गाळणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क. ह्या हार्डनरची वाफ फुप्फुसाला वाईट, रुमाल बांधून भागत नाही. पोरांना लांब उभं केलं. पहिला हात अगदी हलका, धुक्यासारखा. दहा मिनिटं थांबून दुसरा, भरून. दुसऱ्या हातासरशी ती पांढरी काच खालून वर उघडत गेली, आतला रिफ्लेक्टर, बल्ब, कडेची घडी सगळं दिसायला लागलं. काकू म्हणाल्या, "अगं बाई!" गुरुजींनी राहिलेला चहा गार झालेला पिऊन टाकला.

डावा दिवा एकटाच नवा आणला, बल्ब दोन्हीकडं ६०/५५. दोन दिवसांनी रात्री शाळेच्या भिंतीसमोर गाडी उभी करून दोन्ही दिव्यांच्या डिपरच्या उजेडाची रेघ जुळवली. उजवा नव्याच्या बरोबरीनं पडत होता.

आता गुरुजी गाडीचं तोंड उत्तरेला लावतात, आणि ओळखीच्या सगळ्यांना माझ्याकडं धाडतात. मी दोन भाव सांगतो, नुसतं घासायचा आणि कोटसहित. बहुतेक जण पहिलाच धरतात. दसऱ्याला परत येतात, आणि तेव्हा घासणावळ पुन्हा मोजतात.