हजेरीची वही आणि न आलेल्यांचे फोन

निवृत्त झाल्यावर ज्येष्ठांच्या व्यायामवर्गाची हजेरी माझ्या गळ्यात पडली. पडली म्हणजे काय, मीच मान पुढे केली. जन्मभर लेखापरीक्षण केलेल्या बाईला कोरी वही दिसली की राहवत नाही. वर्ग आठवड्यातून तीनदा भरतो. शिकवते एक तरुण फिजिओथेरपिस्ट. मी खुर्च्या मांडते, नावं लिहिते आणि जे आले नाहीत त्यांना फोन करते. यातलं फोनचं काम कुणाच्याच हिशेबात नसतं, पण वर्ग टिकलाय तो त्यावरच, असं माझं मत आहे.

ज्येष्ठांच्या आरोग्यासाठी म्हणून जे काही चालतं त्यात शिबिरांचाच भरणा जास्त. बॅनर, रक्तदाब, साखर, गुडघ्यांवर व्याख्यान, ग्रुप फोटो. शिबिरांशी माझं वैर नाही. कुणाचा तरी लपलेला रक्तदाब तिथे सापडतो, आणि ते मोलाचंच आहे. पण सापडल्यावर पुढे काय, हे विचारायला तो माणूस दुसऱ्या दिवशी गेला तर तिथे मोकळा हॉल. आणि व्याख्यान ऐकून मांड्या बळकट झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

मांड्यांवर माझा एवढा जोर का, तर म्हातारपणी माणूस स्वतःच्या घरात स्वतःच्या मर्जीने राहणार की नाही, हे बऱ्याचदा खुर्चीतून उठता येतं की नाही यावर ठरतं. आमच्या वर्गात पहिल्या दिवशी एक साधी चाचणी होते. खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं धरतात. मी स्टॉपवॉच धरते खरी, पण बघते ते उठणं. एक आजोबा आले होते, बोलण्यात एकदम खणखणीत. उठताना त्यांनी दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर रोवले, एक झोका घेतला, अर्ध्यावर येऊन परत बसले, आणि "खुर्ची फार खोल आहे हो तुमची" म्हणाले. खुर्ची सगळ्यांना तीच होती. शिकवणाऱ्या मुलीने वाद न घालता त्यांचे पाय जरा मागे घ्यायला लावले, आणि नाक पायाच्या अंगठ्यांच्या वर येईपर्यंत वाका म्हणाली. आजोबा उठले. हात लावूनच, पण झोका न घेता. मग इकडे तिकडे बघितलं, कुणी पाहिलं का म्हणून. आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं.

"मी रोज चालतो, मला व्यायामाची काय गरज?" हे वाक्य मला पाठ झालंय. चालणं उत्तमच. हृदयाला, मनाला, झोपेला. पण तोल सांभाळायचा तर तोलाचाच सराव हवा. २०१९ साली कॉक्रेनचा, म्हणजे जगभरचं वैद्यकीय संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेचा, एक मोठा आढावा आला. १०८ प्रयोग, २३ हजारांवर माणसं. व्यायामामुळे पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं असं त्यात दिसलं, आणि खात्रीचा फायदा होता तो तोलाच्या आणि उठ-बस, वळणं, पायरी चढणं अशा रोजच्या हालचालींच्या व्यायामांचा. नुसत्या चालण्याबद्दल मात्र त्यांना तसं ठामपणे म्हणता आलं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनाही हेच सांगतात: पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद यांवर भर देणारे व्यायाम करा.

"आता या वयात कसली ताकद येतेय" हे दुसरं पाठ वाक्य. यावर मी १९९० सालचा एक अमेरिकन प्रयोग सांगते. वृद्धाश्रमातले दहा जण, सगळे नव्वदीच्या आसपासचे. आठ आठवडे पायांनी वजनं उचलायची. नऊ जणांनी तो पुरा केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. माणसं थोडी होती हे खरं, लेखापरीक्षक म्हणून मी ते सांगतेच. पण ऐकणारा सत्तरीचा असला तर गप्प बसतो.

आता फोनचं. सलग दोनदा कुणी आलं नाही तर मी फोन करते. पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "जरा कणकण होती." तिथे फोन ठेवायचा नसतो. एका काकूंना मी नुसतंच विचारलं, घरात सध्या काय घालता पायात? थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्या स्लिपरनेच घात केला गं. मुलाला सांगू नकोस हं." पडल्या होत्या, लागलं फारसं नव्हतं, पण धसका घेतला होता. मुलाला कळलं तर बाहेर जाणं बंद होईल ही वेगळी भीती. मग माणूस घरातल्या घरात भिंत धरून वावरतो, पाय आणखी कमजोर होतात, आणि पुढचं पडणं जवळ येतं. काकूंना मी फक्त खुर्ची धरून करायच्या व्यायामांना बोलावलं. आल्या. मुलाला त्यांनी नंतर आपणहून सांगितलं.

बाकी न येण्याची कारणं ऐकाल तर आरोग्याच्या पुस्तकात सापडणार नाहीत अशी. आमचा वर्ग आधी सकाळी होता आणि काही जण मधेच गायब व्हायचे, मग यायचेच बंद. कारण साधं होतं: रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सकाळी घेतलेली, आणि स्वच्छतागृह दुसऱ्या टोकाला. तोंडाने कोण सांगणार? वर्ग दुपारी चारला नेला, तक्रार मिटली. एक गृहस्थ प्रत्येक व्यायाम उलटा करायचे, लोक हसायचे. त्यांना मागच्या रांगेत ऐकूच येत नव्हतं. ज्याला ऐकू येत नाही तो तक्रार करत नाही, हळूच येणं सोडतो. त्यांना पुढे बसवलं आणि शिकवणारीने त्यांच्याकडे तोंड करून बोलायचं ठरवलं. एवढंच.

पुरुषांचं एक वेगळंच. "तुमच्यासाठी कार्यक्रम आहे" म्हटलं की येत नाहीत, "जरा मदतीला या" म्हटलं की दहा मिनिटं आधी हजर. खुर्च्यांना चाकं नाहीत ना, पाठ भिंतीला टेकली आहे ना, हे तपासायचं काम मी झोका घेणाऱ्या त्या आजोबांना दिलंय. इतक्या गांभीर्याने करतात की मला माझे जुने साहेब आठवतात.

खंत एकच. आमच्या वर्गाला मदत करणारी मंडळी वर्षाअखेरीस एक तक्ता मागतात. त्यात 'एकूण लाभार्थी' असा रकाना आहे. एकदा येऊन पुन्हा न फिरकलेला माणूस आणि वर्षभर आलेला माणूस, दोघांचा आकडा एकच. या हिशेबाने एका दिवसाचं शिबिर आम्हाला केव्हाही हरवेल. व्यायाम थांबला की कमावलेलं हळूहळू ओसरतं, त्यामुळे खरा प्रश्न सहा महिन्यांनी कोण येतंय हा आहे, आणि तो तक्त्यात विचारलेलाच नाही.

यंदा मी तक्त्याला स्वतःची एक पुरवणी जोडली आहे: सहा महिने टिकलेले किती, सोडून गेलेले किती, आणि सोडण्याची कारणं. जिना, गोळी, कान, नातवंडांची शाळेची वेळ, भीती. नावं अर्थातच नाहीत. सोबत हॉलच्या दारातल्या दोन पायऱ्यांना कठडा बसवण्याची मागणीही लावून दिली आहे. उत्तर अजून आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात त्यांनाही फोन करीन.