आमची वाटचाल : दुकानाच्या पाटीपासून बास्केटबॉलच्या कोर्टापर्यंत

आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, म्हणजे फिबाने, २०१० पासून टप्प्याटप्प्याने कोर्टाची आखणी बदलली. तीन गुणांची कमान ६.२५ मीटरवरून ६.७५ मीटरवर गेली, बास्केटखालच्या समलंब चौकोनाच्या जागी ४.९० मीटर रुंद आणि ५.८० मीटर लांब आयत आला, आणि त्या आयतात १.२५ मीटर त्रिज्येचे एक अर्धवर्तुळ नव्याने आखावे लागले. देशभरातील महाविद्यालयांची कोर्टे त्यामुळे हळूहळू जुनी ठरत गेली. आमच्या पेढीचा आजचा व्यवसाय, म्हणजे कोर्टे आखण्याचा आणि रंगवण्याचा, या नियमबदलातून उभा राहिला.

त्यापूर्वी आम्ही पाट्या रंगवीत होतो. इंदूरच्या जेल रोडजवळच्या एका छोट्या गाळ्यात बाबांनी दुकान थाटले, आणि कापड दुकानांच्या, औषधालयांच्या, शिकवणी वर्गांच्या पाट्या, हिंदीत, मराठीत आणि इंग्रजीत, त्यांच्या हातून उतरत राहिल्या. बेंद्रे आणि हुसेन ज्या शाळेतून घडले, त्या इंदूरच्या चित्रकला शाळेची पायरी बाबांनी कधी चढली नाही. त्यांचे सगळे शिक्षण एका उस्तादांच्या हाताखाली, बांबूच्या परांचीवर उभे राहून झाले. अक्षर पूर्ण आकारात कागदावर काढायचे, त्याच्या कडेने टाचणीने भोके पाडायची, कागद भिंतीवर धरून वरून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी थोपटायची आणि उमटलेल्या ठिपक्यांवरून कुंचला फिरवायचा, ही त्यांची पद्धत. पुढे फ्लेक्स आला आणि दोन-तीन वर्षांत ही कामे आटत गेली. फ्लेक्सचे यंत्र घेण्याइतके भांडवल आमच्याकडे नव्हते, आणि खरे सांगायचे तर बाबांची तशी इच्छाही नव्हती.

अशा वेळी ओळखीच्या एका क्रीडा अधिकाऱ्यांनी विचारले की, विद्यापीठाच्या स्पर्धेपूर्वी कोर्टाच्या नव्या रेषा मारून द्याल का. त्यांना रंगारी मिळत होते, पण माप धरणारा माणूस मिळत नव्हता. कोर्टाची आखणी दिसते त्यापेक्षा कठीण असते. लांबी २८ मीटर आणि रुंदी १५ मीटर हे सगळ्यांनाच ठाऊक असते, पण ही मापे रेषेच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंतची आहेत, कारण सीमारेषा खेळाच्या जागेत मोजली जात नाही. चारही बाजू बरोबर आल्या म्हणजे कोर्ट काटकोनात आले असेही नाही. दोन्ही कर्ण ३१.७६ मीटरच्या आसपास आणि एकमेकांशी तंतोतंत जुळले पाहिजेत, नाहीतर पुढची प्रत्येक रेषा थोडी थोडी तिरकी होत जाते. कमानीचा मध्य बास्केटच्या बरोबर खाली, म्हणजे शेवटच्या रेषेपासून १.५७५ मीटरवर धरायचा असतो. मात्र तेथून दोरी पूर्ण फिरवता येत नाही, कारण बाजूच्या रेषेपासून ०.९० मीटर अंतरावर कमान संपून सरळ रेषा सुरू होते. तो सरळ भाग शेवटच्या रेषेपासून २.९९ मीटर लांबीचा येतो. हा जोड कुठे आहे ते नुसत्या डोळ्यांना कळता कामा नये. बाबांनी तो जोड साधला तो 'क' अक्षराची गाठ वळवण्याच्या सवयीने, असे ते स्वतः म्हणत.

रेषेची कड स्वच्छ येण्याचीही एक रीत आहे. ५ सेंटीमीटर अंतर सोडून दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि थेट पांढरा रंग मारला, तर खरखरीत पृष्ठभागावर तो पट्टीखाली झिरपतो आणि रेषेला दाते येतात. म्हणून पट्टी लावल्यावर तिच्या कडांवर आधी कोर्टाच्याच रंगाचा एक पातळ हात फिरवायचा, म्हणजे जे काही झिरपायचे ते त्याच रंगात झिरपते. तो वाळला की मग पांढरा. या एका हातामुळे आम्हाला पुढची बरीच कामे मिळाली, कारण ज्याने ती कड जवळून पाहिली त्याला वेगळे काही सांगावे लागत नसे.

रेषांवरून आम्ही हळूहळू संपूर्ण कोर्टाच्या कामाकडे वळलो. उघड्यावरच्या कोर्टासाठी सिमेंट काँक्रीटवर ॲक्रिलिकचे थर दिले जातात. काँक्रीट भिजवून २८ दिवसांत पक्के व्हावे लागते, त्याला साधारण एक टक्का उतार असावा लागतो, आणि पाणी ओतून कुठे साचते ते पाहून ते खळगे आधी भरावे लागतात. मग प्राइमर, भरणीचे थर आणि शेवटी बारीक सिलिका वाळू मिसळलेले रंगाचे थर. पावसाळा सरल्याशिवाय हे काम हाती घेता येत नाही. ॲक्रिलिक नीट धरायला तापमान १० अंशांच्या वर लागते आणि इंदूरच्या पौष-माघातल्या रात्री त्याच्या खाली जातात, त्यामुळे थंडीत सकाळी उशिरा सुरू करून दुपार ढळण्यापूर्वी हात आवरावा लागतो. नेमक्या याच महिन्यांत महाविद्यालयांच्या स्पर्धा असतात. दसरा ते नाताळ या काळात आमच्या घरी कोणाचे लग्न ठरत नाही ते त्यामुळे.

प्रायोजक आले ते यानंतर. महाविद्यालयाच्या स्पर्धेचा खर्च पंचांचे मानधन, संघांचा मुक्काम, जेवण, चेंडू आणि चषक एवढ्यावर थांबत नाही; कोर्टाची डागडुजीही त्यातच येते. शासकीय महाविद्यालयांत जनभागीदारी समितीकडून काही रक्कम मिळते आणि बाकीची गावातून उभी करावी लागते. इंदुरात ती देणारे म्हणजे नमकीनवाले, सराफ, कापडाच्या पेढ्या, सिमेंट आणि नळांचे विक्रेते, आणि अलीकडे सर्वांत पुढे शिकवणी वर्ग. पूर्वी ते एका फ्लेक्सवर समाधानी असत. स्पर्धा मोबाइलवरून थेट दाखवल्या जाऊ लागल्यावर त्यांच्या लक्षात आले की, कॅमेरा फ्लेक्सकडे क्षणभरच वळतो आणि जमिनीकडे मात्र सारा वेळ पाहतो. तेव्हापासून नाव जमिनीवर हवे, मोठे हवे आणि मधोमध हवे, ही मागणी सुरू झाली.

येथे आमची भूमिका पहिल्यापासून ठाम राहिली आहे. कोर्टावर कोणते नाव कुठे बसेल हे रेषा ठरवतात, आणि सर्व रंगकाम झाल्यावर रेषा सर्वांत शेवटी, सर्वांच्या वरून मारली जाते. प्रायोजकाचे बोधचिन्ह कितीही मौल्यवान असले तरी ते रेषेवर चढत नाही. खेळाडू धावताना खाली पाहत नाही. डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला रेषा जाणवते, आणि त्या कोपऱ्यात रेषेसारखे दुसरे काही आले की त्याचा पाय चुकतो. देवनागरी नावांच्या बाबतीत ही अडचण इंग्रजीपेक्षा अधिक आहे. मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या नावाची शिरोरेषा सहज पाच-सहा सेंटीमीटर जाड होते, आणि ती पांढरी असली तर फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलनंतरच्या मोफत फेकीच्या, रेषेला समांतर अशी आणखी एक रेषा कोर्टावर आल्याचा भास होतो. एका प्रायोजकांचे बोधचिन्ह असेच पांढऱ्या देवनागरीत होते आणि त्यांना ते आयताच्या तोंडाशीच हवे होते. आम्ही त्यांना कोर्टावर खडूने पूर्ण आकारात नाव काढून दाखवले आणि महाविद्यालयाच्या मुलांना पाच मिनिटे खेळायला सांगितले; त्यानंतर त्यांनी स्वतःच अक्षरे पिवळसर करून नाव मधल्या भागात हलवायला संमती दिली. तेव्हापासून शिरोरेषा पांढरी करायची नाही हा आमच्याकडे नियमच झाला आहे.

मधल्या वर्तुळाचा व्यास ३.६० मीटर असतो आणि त्यातून मध्यरेषा जाते. मुख्य प्रायोजकाला तीच जागा हवी असते. बाजूने पाहणाऱ्याला ही रेषा उभी दिसते आणि नावाच्या पोटातून जाते. अक्षरांची संख्या सम असेल तर ती दोन अक्षरांच्या मधून काढता येते, विषम असेल तर मधले अक्षर चिरले जाते. अशा वेळी नावाऐवजी केवळ चिन्ह वर्तुळात आणि नाव मध्यरेषा व कमान यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात, असा तोडगा आम्ही सुचवतो. सीमारेषेबाहेरची २ मीटरची मोकळी जागा हीदेखील चांगली जागा आहे, आणि कॅमेऱ्याच्या समोरची बाजू मिळाली तर वर्तुळापेक्षाही चांगली, पण हे पटवून द्यायला वेळ लागतो. एका शिकवणी वर्गाच्या संचालकांना आयतात आपला मोबाइल क्रमांक हवा होता. दहा आकडे त्या जागेत वाचता येण्याजोगे बसतातही, पण ते आम्ही रंगवले नाहीत. काम दुसऱ्याकडे गेले.

रंग हा त्याहून नाजूक विषय. बोधचिन्ह कोर्टाच्याच वाळूमिश्रित ॲक्रिलिकमध्ये रंगवले पाहिजे. स्वस्त पडते म्हणून ऑइल पेंटमध्ये रंगवलेली नावे आम्ही पाहिली आहेत. ती चकचकीत दिसतात आणि घाम किंवा दव पडले की त्यांच्यावरून बूट सरकतो. एका महाविद्यालयात आम्हाला असे नाव खरवडून काढण्यासाठीच बोलावले गेले होते. ॲक्रिलिकमध्ये प्रायोजकाच्या छपाईतला लाल हुबेहूब मिळत नाही, म्हणून आम्ही सिमेंटच्या फरशीवर नमुना रंगवून, दोन दिवस उन्हात वाळवून मगच सही घेतो. ओल्या रंगावर कोणालाही होकार देऊ देत नाही. तळाचा रंगही विचारपूर्वक निवडावा लागतो. नारिंगी चेंडू विटकरी जमिनीवर थेट प्रक्षेपणात हरवतो. निळ्या किंवा राखाडी जमिनीवर तो स्पष्ट दिसतो.

कॅमेऱ्यासाठी अक्षरे ताणावी लागतात हे आम्ही क्रिकेटच्या मैदानावरील जाहिराती पाहून शिकलो. कॅमेरा ५ मीटर उंचीवर आणि नावापासून २० मीटरवर असेल, तर जमिनीवरची उंची पडद्यावर साधारण एक चतुर्थांश दिसते. ती पूर्ण भरून काढण्यासाठी अक्षर चौपट ताणले तर समोरच्या बाजूच्या प्रेक्षकांना नुसते पट्टे दिसतील, म्हणून आम्ही दुपटीच्या आसपास थांबतो. येथे बाबांचा पूर्ण आकाराचा कागद पुन्हा उपयोगी पडला. नकाशा आता संगणकावर तयार होतो आणि स्टेन्सिल प्लॉटरवर कापले जाते, पण मोठ्या अक्षरांचा ताण आम्ही अजूनही कागद जमिनीवर पसरून, कॅमेऱ्याच्या जागी उभे राहून तपासतो.

परदेशातले नमुने घेऊन येणारे विद्यार्थी आता पुष्कळ भेटतात. अमेरिकेत ऑरेगन विद्यापीठाने २०११ मध्ये सुरू झालेल्या मॅथ्यू नाइट अरीनाच्या कोर्टावर कडेने उंच झाडांच्या छाया रंगवल्या. त्यांतून मध्यरेषा नीट दिसत नाही अशी टीका तेव्हाच झाली होती. तेथील व्यावसायिक संघांच्या लीगने, एनबीएने, २०२३ मध्ये हंगामातल्या नव्या स्पर्धेसाठी तीसही संघांची कोर्टे या कडेपासून त्या कडेपर्यंत रंगवली. याउलट तेथील महाविद्यालयांची राष्ट्रीय संघटना, एनसीएए, आपल्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी सर्व ठिकाणी एकाच धाटणीचे कोर्ट वापरते आणि सभागृहातील इतर जाहिराती झाकून टाकते. मुलांना ऑरेगन आवडते. आम्हाला एनसीएएची शिस्त आवडते, पण तसे कोर्ट मेपल लाकडाचे, सुटे फलक जोडून उभारलेले असते आणि स्पर्धा संपली की उचलून नेता येते. आमच्या महाविद्यालयांचे कोर्ट पुढची पाच-सहा वर्षे उन्हापावसात तिथेच राहणार असते, आणि प्रायोजक तर दरवर्षी बदलतो.

जुने नाव पुसले तरी त्याची आकृती उरते. आजूबाजूचा रंग उन्हाने फिका पडतो, नावाखालचा तसाच गडद राहतो, आणि नव्या प्रायोजकाला आपल्या नावामागे जुन्याची सावली दिसते. म्हणून एका वर्षापुरत्या प्रायोजकाचे नाव आम्ही सीमारेषेबाहेरच्या पट्टीतच घेतो, जी संपूर्ण पट्टी पुन्हा रंगवणे परवडते. बंदिस्त सभागृहात लाकडावर, वर खरखरीत थर असलेला व्हिनाइल चिकटवून नंतर काढता येतो; उघड्यावरच्या वाळूदार ॲक्रिलिकवर तो दोन दिवसांत कडेने उचलतो आणि बुटात अडकतो, तेव्हा तेथे त्याचे नाव काढू नये. एका स्पर्धेच्या प्रायोजकांनी नाव रंगवून झाल्यावर माघार घेतली आणि खर्च कोणी द्यायचा यावर महाविद्यालय आणि आमच्यात बरीच पत्रे झाली. आता नाव काढून टाकण्याचा खर्च कराराच्या वेळीच, निम्म्या आगाऊ रकमेबरोबर, घेतला जातो.

आज पेढीचे काम मी आणि माझी धाकटी बहीण पाहतो. आखणी माझ्याकडे, नकाशे आणि प्रायोजकांशी बोलणी तिच्याकडे, आणि या दुसऱ्या कामाला लागणारा संयम तिच्याकडेच आहे. कारागिरांत दोघे बाबांच्या वेळचे पाट्या रंगवणारे आहेत आणि सर्वांत लहान आकडे अजूनही तेच काढतात. बाबा आता कामावर येत नाहीत, पण कर्णाची दोन्ही मापे त्यांना फोनवरून सांगावी लागतात.

येत्या हंगामासाठी ज्या महाविद्यालयांना काम करून घ्यायचे आहे, त्यांनी गणपतीपूर्वी कळवावे, म्हणजे काँक्रीटची दुरुस्ती आणि त्याची २८ दिवसांची मुदत दिवाळीच्या आत बसेल. प्रायोजकांचे बोधचिन्ह मोबाइलवर आलेल्या छायाचित्राच्या रूपात पाठवू नये, मूळ संगणकीय आराखडा पाठवावा, आणि स्पर्धेचा कॅमेरा कोणत्या बाजूला राहणार हे पत्रातच लिहावे. ते ठरल्याशिवाय आम्ही नकाशा करायला घेत नाही.