चोर्ल्याच्या घाटात, माट्टीला फीत लावून

केरी गाव सोडलं की चोर्ला घाट लगेच अंगावर येतो. सुरुवातीच्या वळणांवर अंजुणे धरणाचं पाणी झाडांतून अधूनमधून चमकतं, मग तेही दिसेनासं होतं आणि दोन्ही बाजूंनी रान रस्त्यावर वाकतं. बेळगावच्या गाड्या इथे थांबत नाहीत. पावसाळ्यात धबधब्यापाशी फोटोपुरत्या थांबतात, तेवढंच. आम्ही नोव्हेंबरात गेलो. पाऊस सरला होता, पण रान अजून ओलं होतं. उतरलो सुर्ल्याला. सत्तरीतलं हे गाव सुमारे ८०० मीटर उंचीवर वसलंय. महादेवाच्या कदंबकालीन देवळाचं तांबडी सुर्ला ते वेगळं, ते खाली डोंगराच्या पायथ्याशी. फोंड्याहून निघालेली आमच्यातलीच माणसं या दोन गावांची गल्लत करतात, म्हणून आधीच सांगितलं.

सोबत माझी आतेबहीण होती. जंगलात किती कार्बन साठलाय हे मोजणं हे तिचं काम. तिच्या पिशवीत कापडी फीत, उंची मोजायचं छोटं यंत्र, दोरी आणि पावसाचे डाग पडलेली वही. गावातले एक मामा वाट दाखवायला आले. कमरेला आकडी, आकडीत कोयता, पायात काही नाही. "ताई, जळवा गेल्या आता. पण चपला रायीच्या बाहेर ठेवायच्या हां," एवढं त्यांनी बजावलं. राय म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथे देवाची परवानगी आधी, मग फितीची.

पहिलंच झाड माट्टीचं निघालं. घाटावर ज्याला ऐन म्हणतात तेच हे, गोव्याचा राज्यवृक्ष. साल काळपट, खोल भेगांनी चौकटी पडलेली, मगरीच्या पाठीसारखी. बहिणीने फीत हातात घेतली आणि आधी उभं राहायची जागा शोधली. उतारावरच्या झाडाचा घेर वरच्या अंगाने मोजायचा असतो. तिथे पाय रोवायचे, जमिनीपासून १.३७ मीटर, म्हणजे छातीच्या उंचीवर खूण करायची आणि फीत खोडाला आडवी, कुठेही न झुकता फिरवायची. सांगायला सोपं आहे. खालच्या अंगाला पाय ठरत नव्हता, वेली फितीत अडकत होत्या, आणि एका बाजूला मुंग्यांची रांग होती. मामांनी वेली बाजूला धरल्या, तोडल्या नाहीत. घेर भरला अडीच मीटर. उंची साधारण २५ मीटर.

मग मामांनी कोयत्याच्या उलट्या बाजूने खोडावर दोनतीनदा ठोकलं आणि कान लावला. म्हणाले, "भरीव आहे." बहिणीने ते वहीत लिहून घेतलं, कारण म्हातारी झाडं आतून पोकळ असतात आणि सूत्राला ते कळत नाही. सूत्रात तीनच गोष्टी जातात: खोडाचा व्यास, उंची आणि लाकडाची घनता. घनता झाडागणिक बदलते. सावरीचं लाकूड माट्टीच्या जेमतेम निम्म्या वजनाचं, म्हणजे तेवढ्याच घेराच्या सावरीत कार्बनही निम्माच.

हिशेब तिथेच दगडावर बसून झाला. या एका माट्टीचं जमिनीवरचं सुकं वजन भरलं सुमारे ६ टन. सुक्या लाकडाचा जवळपास निम्मा भाग कार्बन असतो, म्हणजे पावणेतीन टनांच्या आसपास. कार्बन हवेत गेला की त्याला ऑक्सिजन चिकटतो आणि वजन ३.६७ पट होतं. म्हणजे हे एक झाड तोडून जाळलं तर सुमारे १० टन कार्बन डायऑक्साइड वर जाणार. मी वर बघितलं. शेंड्याकडे धनेश ओरडत होता आणि हे सगळं वजन त्या झाडाने हवेतून, पानापानातून ओढून घेतलं होतं.

मी विचारलं, मग दहा सेंटिमीटर व्यासाच्या, आठ मीटर उंचीच्या झाडाचं काय? तेच सूत्र लावलं. सुकं वजन आलं २८ किलोच्या आसपास. अशी दोनशेहून जास्त झाडं एकत्र केली तेव्हा कुठे ही एक माट्टी. "एकाला दहा झाडं लावू" हे वाक्य सरकारी कागदावर आपण किती सहज वाचून सोडतो! लावलेली सगळी जगली असं धरलं, तरी दहा रोपं त्या एका माट्टीच्या वजनाला पोचायला एक पिढी पुरणार नाही.

डोंगरातल्या जंगलांबद्दल शास्त्रज्ञांचाही अंदाज बराच काळ कमीच होता. चढावर वारा जास्त, गारवा जास्त, माती पातळ, झाडं बुटकी, तेव्हा कार्बनही कमी असणार, असं धरलं जायचं. २०२१ साली 'नेचर'मध्ये आफ्रिकेतल्या डोंगरी जंगलांचा मोठा अभ्यास आला. १२ देशांत ४४ ठिकाणी अशाच फिती लावून, चढ चढून झाडं मोजली होती. जमिनीवरच्या झाडोऱ्यात हेक्टरी सरासरी १४९ टन कार्बन निघाला. हवामान बदलावरच्या आंतरशासकीय समितीने अशा जंगलांसाठी ठरवलेला आकडा होता ८९ टन. दीडपटीहून जास्त फरक! तिथली डोंगरातली जंगलं सपाटीवरच्या जंगलांच्या तोडीस तोड निघाली. त्याच अभ्यासात असंही होतं की २००० सालानंतर अशी सुमारे ८ लाख हेक्टर जंगलं आफ्रिकेने गमावली.

आपला सह्याद्री काही किलिमांजारो नव्हे. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर, सोंसोगड, हजार मीटरच्या थोडंसंच वर. आफ्रिकेचा आकडा इथे चिकटवता येणार नाही आणि बहीण तो चिकटवूही देत नाही. पण एवढं नक्की घेता येतं की चढावरचं रान डोळ्यांच्या अंदाजाने हलकं धरायचं नाही, जागेवर जाऊन मोजायचं.

दुपारी मामांच्या घरी उकड्या तांदळाची पेज, सोबत सुक्या बांगड्याची किसमूर. पुन्हा रायीत आलो ते माती बघायला. मला विचाराल तर या प्रवासातलं सर्वांत मोलाचं हेच. भारतातल्या जंगलांच्या एकूण कार्बनपैकी निम्म्याहून जास्त मातीत आहे, तोही वरच्या ३० सेंटिमीटरच्या थरात मोजलेला. आपण मान वर करून झाडं बघतो आणि अर्ध्याहून जास्त साठा पायांखाली असतो. बहिणीने हाताने पानं बाजूला सारली. वर यंदाची पानं, कोरडी, आवाज करणारी. त्याखाली गेल्या वर्षीची, काळी पडलेली, नुसत्या शिरा उरलेली जाळी. त्याखाली पांढरे बुरशीचे धागे एका पानातून दुसऱ्यात शिरलेले. मग भुसभुशीत काळी माती, हातात घेतली तर थंड आणि जड. बोट पूर्ण आत जाईपर्यंत तांबडा रंग दिसलाच नाही. पानांतला कार्बन कृमीकीटक आणि बुरशी खातात, थोडा हवेत सोडतात, उरलेला मातीच्या कणांना बिलगून राहतो. हे शेकडो वर्षं न ढवळता चालू आहे, कारण रायीतलं पान उचलायचं नाही असा इथला नेम आहे.

गावाबाहेर निघालो आणि शेजारच्या उतारावर काजूची बाग लागली. तिथे बोटाच्या पहिल्या पेराआधीच तांबडी माती. काजू पडायच्या आधी जमीन साफ करावी लागते, नाहीतर बिया सापडणार कशा? माझ्या आजोळी काजूवरच घर चाललं, तेव्हा काजूला नावं ठेवणं माझ्याच्याने होणार नाही. पण भारतीय वन सर्वेक्षणाच्या हिशेबात एक हेक्टरहून मोठी, दहा टक्क्यांहून जास्त झाडांची सावली असलेली कुठलीही जमीन वनाच्छादनात मोजली जाते, मग ती राय असो की काजूची बाग. २०२१ च्या अहवालात गोव्याचं वनाच्छादन २,२४४ चौरस किलोमीटर, राज्याच्या ६० टक्क्यांहून जास्त. आकडा वाचून समाधान वाटतं. पण नकाशावरच्या एकाच हिरव्या रंगाखाली ही काळी माती आणि ती तांबडी माती दोन्ही येतात. राय तोडून तिथे बाग केली तर नकाशा हिरवाच राहतो आणि कार्बन मात्र गेलेला असतो. मला याचा मनापासून राग येतो.

आगीचंही तसंच. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात आणि आसपासच्या डोंगरांवर दिवसचे दिवस आगी लागत राहिल्या. नौदलाची आणि हवाई दलाची हेलिकॉप्टरं पाणी ओतत होती. मामा म्हणाले, रात्री डोंगराच्या कडेने लाल रेघ दिसायची आणि झोप लागायची नाही. जमिनीवरून सरकणाऱ्या अशा आगीत मोठी झाडं पुष्कळदा वाचतात, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी रस्त्यावरून सगळं ठीक दिसतं. जळतात ती पानं, रोपं आणि मातीचा वरचा थर. मग जूनमध्ये पाऊस येतो. गोव्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटर पडतो, घाटात त्याहून जास्त. उघड्या उतारावरची माती म्हादई नदीत न्यायला त्याला वेळ लागत नाही.

म्हादई, भगवान महावीर, नेत्रावळी आणि खोतीगाव ही चार अभयारण्यं सह्याद्रीच्या कडेने उत्तर-दक्षिण पसरली आहेत. एकत्र केली तर राज्याचा जवळपास पाचवा भाग. त्यातल्या भगवान महावीर अभयारण्याच्या मोले भागातून रेल्वेचा दुसरा मार्ग, चौपदरी महामार्ग आणि वीजवाहिनी न्यायचं ठरलं तेव्हा २०२० मध्ये ऐन कोविडात गोव्यातली तरुण मुलं विरोधात उभी राहिली. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कॅसलरॉक ते कुळे रेल्वे दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. त्या दिवशी आमच्या घरी गोडधोड झालं होतं, हे मी अभिमानाने सांगते. पुढे जुलै २०२३ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हादई आणि लगतचा भाग तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा असा आदेश दिला, तर राज्य सरकार त्याविरुद्ध दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात गेलं.

मामांना व्याघ्र प्रकल्पाबद्दल विचारलं तेव्हा ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "रान आम्हीच राखलं ना, ताई? मग आम्हाला उठवणार का?" या प्रश्नाला उत्तर द्यायला हवं, आणि ते पणजीतून नव्हे, सुर्ल्यात येऊन, कागदावर लिहून द्यायला हवं. ज्यांच्या नेमामुळे ती काळी माती टिकली त्यांना बाहेर काढून ती टिकणार नाही. कार्बनसाठी कधी पैसे येणार असतील तर त्यातला पहिला वाटा या वाड्यांचा, असं माझं स्पष्ट मत आहे.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते जानेवारी बरा. अभयारण्याच्या हद्दीत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, ती वाळपईहून आधीच घ्यावी. रायीत जाताना गावातलं माणूस सोबत असू द्या, त्याला दिवसाची मजुरी द्या, आणि त्याने चपला काढल्या की आपल्याही काढा.